जादूगाराने कशावर बसावं? आपापले अनुभव लिहा

मागच्या रविवारी माझ्याच फायरबॉलमध्ये माझाच घोडा गेला, म्हणून हा धागा.

आम्ही पाच जण नाशिकच्या इंदिरानगरला एकाच्या गच्चीवरच्या खोलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र चालवायचा गोष्टीचा खेळ) खेळतो, २०१४ च्याच नियमांनी, २०२४ वाली नवीन पुस्तकं अजून घेतली नाहीत कारण जुन्यांचेच पैसे वसूल व्हायचेत. माझं पात्र विझर्ड, म्हणजे जादूगार, ते पाचव्या लेव्हलला आलं, फायरबॉल (आगीच्या गोळ्याचं स्पेल) मिळाला, खिशात थोडं सोनं होतं तर म्हटलं ७५ नाण्यांचा साधा रायडिंग हॉर्स घेऊन टाकू, किती दिवस पायी फिरणार. दोन सेशन मस्त गेली. तिसऱ्यात रात्री मुक्कामावर गोब्लिन आले, मी वर टेकाडावर पहाऱ्याला, ते सगळे खाली एका झाडापाशी घोळका करून उभे, असा चान्स परत कधी येणार, टाकला. डीएम (गोष्ट चालवणारा) हातातली चिवड्याची वाटी खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "घोडा कुठे बांधलायस?"

त्याच झाडाला.

गंमत म्हणजे घोड्याचा सेव्ह (फासा चांगला पडला की मार निम्मा) झाला हो! डीएमने डाय, म्हणजे फासा, टाकला तर १७ आले, मी उड्या मारल्या. पण माझं डॅमेज ३१, त्याचं निम्मं १५ आणि घोड्याचे एचपी (किती मार सोसेल तो आकडा) १३. फायरबॉलच्या आठ डायची सरासरीच २८ येते, म्हणजे सेव्ह झाला काय, न झाला काय, बिचाऱ्याचं मरण ठरलेलंच. बाकीचे गोब्लिन किती मेले ते मोजत होते आणि मी कॅरेक्टर शीटवरून घोडा खोडत होतो.

आता पुढे काय घ्यावं कळत नाहीये. जादूवालं कुठलंही कॅरेक्टर खेळला असाल आणि कशावरही बसला असाल तर लिहा. नियम माहितीयेत, ते सांगू नका, काय झालं ते सांगा.

कॉलेजरोडवाला :
नियम सांगू नको म्हणालास तरी एक सांगतोच. इव्होकेशनचा (आग, वीज असल्या जादूच्या शाखेचा) विझर्ड घेतला असतास तर स्कल्प्ट स्पेल्स मिळालं असतं, फायरबॉलच्या वेळी चार जण बाजूला काढता आले असते. तू डिव्हिनेशन घेतलास ना? भविष्य बघणारा माणूस आणि घोडा कुठे बांधलाय ते माहीत नाही 😂

नाशिकरोडची :
मी फँटम स्टीड (जादूचा घोडा) वापरलाय, जवळजवळ एक अख्खं कॅम्पेन (बऱ्याच सेशनची मिळून एक गोष्ट). तिसऱ्या लेव्हलचं स्पेल, रिच्युअल म्हणून, सावकाश विधी करून, केलं तर स्लॉट (स्पेलचा ठरलेला कोटा) जात नाही, घोडा हवेतून तयार होतो, स्पीड १००, दाणापाणी नाही, लीद नाही, मेला तर रडायला नको. ऐकायला एकदम झकास. पण घोडं पेंड खातं ते वेळेत. स्पेलचा एक मिनिट आणि रिच्युअलचे वरचे दहा, अशी अकरा मिनिटं लागतात एका घोड्याला आणि घोडा टिकतो एक तास. आमची पार्टी चौघांची. म्हणजे चौथा घोडा तयार होईपर्यंत पहिल्याची २७ मिनिटंच उरलेली असतात. पंचवटी एक्सप्रेसने वर्षानुवर्षं अपडाऊन करणारी माणसं जशी मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवतात तशी माझी वही झाली होती, कुणाचा घोडा किती वाजता जाणार, पुढचा कधी लावायला घ्यायचा, शेवटी मी चालत्या घोड्यावरूनच पुढच्याचं रिच्युअल करायला लागले. आमचा फायटर प्रत्येक वेळी म्हणायचा, झाली का तयारी, वरातीमागून घोडं.

आणि भांडण झालं ते वेगळंच. या घोड्याला एक जरी पॉइंट डॅमेज झालं तरी स्पेल संपतं. आमच्यावर बाण आले, एक घोड्याला लागला, डीएम म्हणे धाडकन पडलीस, १ डी ६ (एका सहा बाजूंच्या फाशाएवढं) डॅमेज घे. मी म्हटलं पुस्तक उघड. घोडा हळूहळू विरतो आणि उतरायला एक मिनिट मिळतो, स्पष्ट लिहिलंय. लढाईत एक मिनिट म्हणजे दहा राउंड, सगळ्यांच्या पाळ्यांच्या दहा फेऱ्या! त्याने उघडलं, वाचलं, पुस्तक मिटलं आणि पुढच्या राउंडला तीन बाण मलाच मारले. तरी माझं मत विचारशील तर प्रवासाला हाच, लढाईच्या आधी उतरायचं.

सिडकोतून :
माझी गोष्ट छोटीशी. नोम विझर्ड, बुटका, पोटाचा घेर मोठा, म्हटलं याला उंदरावर बसवू, सोंड तेवढी राहिली. जायंट रॅट शोधला. डीएमने साइज बघितला, रॅट स्मॉल, नोम पण स्मॉल, वाहन निदान एक साइज मोठं लागतं. बाप्पाला जमतं ते आपल्याला जमत नाही. मग २५ नाण्यांचा मॅस्टिफ कुत्रा घेतला. एचपी पाच, नुसता फुंकर मारली तरी जाईल असा, पण वासाला आणि आवाजाला पक्का, दोनदा रात्री त्यानेच सगळ्यांना उठवलं. त्याला मी लढाईत कधी नेलाच नाही, उतरून झाडामागे बसवायचो. (बांधायचो नाही. वरचं वाचून बरं वाटलं.)

पंचवटीकर :
माझा वॉरलॉक (हाही जादूवालाच) बैलावर बसायचा. हसू नका. आम्ही कॅम्पेन सुरू केलं तेव्हा पोळा नुकताच होऊन गेलेला, घरात पोळ्याचे मातीचे बैल होते, ग्रिडवर (चौकटींच्या पटावर) ठेवायला घोड्याची मिनिएचर कुणाकडे नव्हती, मी कोनाड्यातला एक बैल उचलून आणला, पांढरा, पाठीवर गुलाबी झूल रंगवलेली. डीएम म्हणाला चालेल, ड्राफ्ट हॉर्सचे आकडे लाव, एचपी १९, स्पीड ४०. पहिल्याच सेशनला आमच्यातला एकजण ओरडला, "अरे कपालेश्वराचा नंदी सापडला!" (नाशिकबाहेरच्यांसाठी, रामकुंडाजवळच्या आमच्या कपालेश्वराच्या देवळात महादेवासमोर नंदी नाही, त्यावरून.) तेव्हापासून बैलाचं नाव नंदी आणि ज्या गावात जाऊ तिथे डीएम एक म्हातारा उभा करायचा, तो विचारायचा, हा कुणाचा पळवलात? हळूहळू तीच मोठी स्टोरी झाली, एक अख्खं देऊळ आमच्या मागे लागलं. एवढं मला कुठल्याही स्पेलने मिळवून दिलेलं नाही.

लढाईत मात्र बैल बैलच. मी हेक्स (शाप) टाकून वर बसून एल्ड्रिच ब्लास्ट (जादूचा झोत) मारायचो आणि समोरचे शहाणे मला सोडून बैलाला मारायचे. तो पडला की रिअ‍ॅक्शन (राउंडला एकदाच मिळणारी झटपट कृती) वापरून पायावर उतरता येतं, पण रिअ‍ॅक्शन आधीच गेलेली असेल तर तोंडावर, आणि तोंडावर पडलेल्या वॉरलॉकभोवती चार ऑर्क म्हणजे मार बसून हेक्स धरून ठेवायचं कॉन्सन्ट्रेशन गेलंच समजा. एकदा ग्रिडवरून बैल खरंच फरशीवर पडला, एक शिंग तुटलं. डीएम म्हणाला गेममध्ये पण तुटलं.

अंबडवाला :
एवढी चर्चा चाललीये आणि खेचराचं नाव कुणी काढत नाही. वॉरहॉर्स ४०० नाणी, खेचर ८. एका वॉरहॉर्सच्या पैशात पन्नास खेचरं. मी प्रॉडक्शनमधला माणूस, मला हे सहन होत नाही. वर त्याला शुअर-फूटेड आहे, कुणी आडवं पाडायला गेलं तर सेव्हला अ‍ॅडव्हान्टेज, बुटक्या जादूगाराला दुसरं काय पाहिजे, वर बसून एक हात मोकळा ठेवायचा आणि न पडता स्पेल धरून ठेवायचं. पार्टीवाले आधी हसले. मग एका दरीत त्यांचे घोडे गेले आणि सगळ्यांच्या पिशव्या, तंबू, दोऱ्या माझ्या खेचरावर आल्या. अडला हरी. मी दर मैलाला एक तांब्याचं नाणं लावलं, अजून काहीजणांकडे उधारी आहे.

कॉलेजरोडवाला :
@अंबडवाला तुझ्याबरोबर खेळलोय मी. खेचर बरं होतं तुझ्यापेक्षा.

सातपूरहून :
आमच्यात विझर्डने ड्रुइडलाच घोडा केलं होतं. ड्रुइडला दुसऱ्या लेव्हललाच वाइल्ड शेपने (प्राण्याचं रूप घेऊन) घोडा होता येतं. घोडा झालेला ड्रुइड म्हणजे मी. दोस्तीत कबूल केलं. तो माझ्यावर बसून "डावीकडे घे, डावीकडे" करायचा, मी काय टांग्याचं घोडं आहे का. मी माझ्या टर्नला माझ्या मनाने जायचो, जिथे मला बरं दिसेल तिथे, आणि त्याचं स्पेल नेमकं रेंजबाहेर राहायचं. एकदा घोड्याचे १३ एचपी संपले, मी परत माणूस झालो, आणि तो माझ्या खांद्यावर. ते चित्र डीएमने वहीत काढून ठेवलंय. ठरलं होतं दर सेशनला तो मला मिसळ देणार, सहा मिसळी बाकी आहेत, तो हे वाचत असेल तर त्याने वाचावं.

जुना खेळाडू, गंगापूररोड :
आमच्या वेळी ३.५ एडिशनच्या जुन्या नियमांत दौडत्या घोड्यावरून स्पेल टाकायचं तर आधी कॉन्सन्ट्रेशन चेक, फासा टाकून गाठायचा आकडा १५ अधिक स्पेलची लेव्हल. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचं, म्हणजे १८ झाले. चुकलं की स्पेल गेलं. तुम्हाला आता नुसतं बसलात म्हणून चेक नाही, मार बसला तरच सेव्ह. लाड आहेत तुमचे.

मी डीएम :
पलीकडची बाजू पण ऐका. मी माझं एक डंजन पांडवलेणीवरून घेतलं, डोंगर चढून जायचं, मग एकापुढे एक लेणी, आत अंधार आणि पाण्याची टाकी. पार्टी झोकात चार घोड्यांवर आली. मी विचारलं, पायऱ्या आहेत, घोडे कुठे ठेवताय? अर्धा तास तेच चाललं. कुणाला खाली ठेवायचं, चोर आले तर, वाघ आला तर. शेवटी दोन विझर्डनी फ्लोटिंग डिस्क (जादूच्या तरंगत्या थाळ्या) काढल्या. आपली डिस्क आपल्यामागून येते म्हणून आपण तिच्यावर बसून उपयोग नाही, तर हा त्याच्या डिस्कवर बसला आणि तो ह्याच्या. आता डिस्क मालकाच्या मागे जाणार आणि मालक दुसऱ्या डिस्कवर. दोघं माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. मी म्हटलं, दोघंही जिथे आहात तिथेच तरंगताय, चहा घ्या. त्यामुळे माझ्या टेबलावर जादूगाराने काहीही आणावं, फक्त दाराशी आल्यावर ते कुठे ठेवणार हे घरून ठरवून यावं.

धागावाला परत :
सगळं वाचलं. फँटम स्टीड पुढच्या लेव्हलला वहीत उतरवतो, तोवर खेचर. डीएमला रात्री मेसेज टाकला, त्याचं उत्तर एवढंच आलं, "बांधणार कुठे?"

@पंचवटीकर खेचराची मिनिएचर आमच्याकडेही नाही. तो बैल अजून असेल तर रविवारी जाता जाता घेऊन जाईन. शिंग असेल तर ते पण दे, फेविक्विक माझ्याकडे आहे.

पंचवटीकर :
बैल आहे. शिंग नाही, ते कॅम्पेनमध्ये देवळाला परत केलं.