‘एकपत्नीत्व’ पक्ष्यांना लावावे काय?

प्रश्न : डभोईजवळच्या वढवाणा तलावावरील पक्ष्यांविषयी वडोदऱ्यातील मराठी मुलांसाठी एक पत्रक लिहीत आहे. सारसाला मी ‘एकपत्नीव्रती’ म्हटले आणि सुगरणीच्या नराला ‘बहुपत्नीक’. कमळपक्ष्यापाशी मात्र अडलो, कारण तिथे मादीच अनेक नर करते. ‘बहुपत्नीत्व’ सगळीकडे चालेल काय?

प्रतिसाद : चालणार नाही. एका नराच्या अनेक माद्या हे बहुपत्नीत्व, एका मादीचे अनेक नर हे बहुपतित्व, आणि माणसांपुरता दोहोंना मिळून ‘बहुविवाह’ हा शब्द आहे. पत्नीवाचक शब्दच सर्रास वापरला जातो, कारण आपली भाषा पुरुषाच्या बाजूने मोजत आली आहे. हिंदू विवाह कायदा (१९५५) वराची पत्नी वा वधूचा पती हयात नसावा असे दोघांनाही सारखेच बजावतो, तरी बोलण्यात तो ‘द्विभार्या प्रतिबंध’च राहतो. मराठीत ‘सवत’ आहे, शेजारच्या गुजरातीत ‘शोक्य’ आहे. पण एकाच स्त्रीच्या दोन नवऱ्यांनी एकमेकांना काय म्हणावे, यासाठी रोजच्या मराठीत शब्द नाही. (द्रौपदीचे पती मुळात भाऊच असल्याने तिथे ही अडचण आली नाही.)

माझा खरा आक्षेप ‘पत्नी’ या शब्दालाच आहे. ‘पत्युर्नो यज्ञसंयोगे’ या पाणिनीच्या सूत्रानुसार पतीच्या यज्ञकर्मात सहभागी असलेली ती पत्नी. पक्षिणीला हे नाते कसे लावणार? ‘व्रत’ही समजून उमजून घ्यावे लागते. सारसांची जोडी वर्षानुवर्षे टिकते, गुजरातीत अभिन्न जोडप्याला ‘सारसबेलडी’ म्हणतात, हे खरेच; परंतु पक्ष्यांच्या सुमारे नऊ दशांश जाती जोडीने राहत असल्या, तरी डीएनए तपासणी सुरू झाल्यावर त्यांतील अनेकांच्या घरट्यांत दुसऱ्याच नराची पिल्ले आढळली. म्हणून जीवशास्त्रज्ञ सामाजिक आणि जनुकीय जोडी वेगळ्या मानतात. पत्रकात ‘जोडीने राहणारा’ एवढेच लिहावे.

सुगरणीची गंमत निराळीच आहे. अर्धवट विणलेले घरटे मादी येऊन पाहते, पसंत पडले तर नर ते पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की तो दुसऱ्या घरट्याचे विणकाम काढतो. विणणारा तो, पण आपण नाव दिले ‘सुगरण’. त्याला ‘अनेक माद्यांशी जोडी जमवणारा’ म्हणावे.

कमळपक्ष्याची मादी नराहून मोठी असते. एका नराच्या घरट्यात अंडी घालून ती दुसऱ्याकडे जाते, आणि उबवणे व पिल्ले सांभाळणे नरावर राहते. हे वाक्य असेच द्यावे. ‘बहुपतित्व’ मुलांना पुढे कधीतरी भेटेलच.

मूळ प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘एकपत्नीव्रती’ खोडले आहे. सुगरणीचे नाव बदलणे माझ्या हाती नसल्याने तिच्या चित्राखाली ‘घरटे विणणारा नर’ असे लिहून ठेवले आहे.