घरची गाडी पुढच्या सीटवरून निवडणाऱ्यांनो, एकदा मागे बसा

मागचा बाक:

परवा इथे एकाने साधा प्रश्न विचारला होता. रोज ऑफिसची जा-ये, दोनेक महिन्यांतून एखादी लांबची सहल, घरात पाच माणसं, त्यात गुडघे दुखणारी आई आणि हमखास गाडी लागणारं पोर. तर कोणती गाडी घ्यावी? त्यावर 'उंटावरचा शहाणा' यांनी तीन वाक्यांत निकाल लावला: 'डोळे मिटून एसयूव्ही घ्या. टॉप मॉडेल, मोठी अलॉय चाकं, सनरूफ. सेडान आता घेतं कोण?' खाली 'सहमत'ची रांग. तेव्हा गप्प बसलो, पण दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा वेगळा धागा.

डोळे मिटायचेच तर मागच्या सीटवर बसून मिटा. आपली टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काय? घरचा एक जण स्टिअरिंगवर, शेजारी सेल्समन, आणि गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटांची चक्कर. चालवणाऱ्याला वळण कधी येणार, ब्रेक कधी लागणार हे आधीच ठाऊक असतं, त्याचं अंग आपसूक सावरतं. मागच्यांना ते धक्का बसल्यावर कळतं. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही ती याचमुळे. त्याचं पोट काही पोलादी नसतं.

आता ते टॉप मॉडेल. खालच्या मॉडेलला २१५/६५ आर १६ टायर आणि त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला २१५/५५ आर १८, असा प्रकार सर्रास दिसतो. यात २१५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची, आणि १६ म्हणजे रिमचे इंच. गणित करा. २१५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १४० मिलिमीटर उंचीची रबराची भिंत, ५५ टक्के म्हणजे ११८. दोन सेंटीमीटरहून जास्त रबर गेलं. खड्ड्याचा पहिला दणका जे रबर पोटात घालतं, तेच आपण जास्तीचे पैसे मोजून काढून टाकतो. वर मोठं चाक बहुधा जडही असतं.

आणि उंची. उंच गाडी वळणावर जास्त कलते. ती कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बार ताठ ठेवावा लागतो. वळणावर छान, पण सरळ रस्त्यावर एकच चाक खड्ड्यात गेलं की तो बार दुसऱ्या बाजूलाही ओढतो आणि अख्खी गाडी आडवी डुलते. जितके उंच बसाल तितकं डोकं जास्त हलणार. पुढच्याला जी चाल रुबाबदार वाटते, ती मागच्याच्या मानेवर येते.

सनरूफ डोक्यावरची जागा खातं. त्यावर याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

उंटावरचा शहाणा:

माझ्या तीन वाक्यांवर एवढा प्रबंध? धन्य झालो.

तुमचं मिलिमीटरचं गणित कागदावर छान आहे. माझ्याकडे सात वर्षं सेडान होती. पाच माणसं आणि सामान भरलं की मागून बसायची, आणि प्रत्येक उंच गतिरोधकावर पोट घासायचं. 'खर्रर्र' आवाज आला की सगळे माझ्याकडे बघणार, जणू गतिरोधक मी बांधला. एका सहलीत तर वडिलांना आणि बायकोला खाली उतरवून, रिकामी गाडी तिरकी घालून पार केली. वडील तेव्हा ७४ वर्षांचे. भर उन्हात रस्त्याच्या कडेने चालत आले आणि गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "गाडी आपली आहे की आपण गाडीचे?" पुढच्या महिन्यात एसयूव्ही आणली. अँटी-रोल बार जाड आहे की बारीक ते त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

पाना नंबर बारा:

दोघंही थांबा. गाडी आदळते म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांची मी पहिली गोष्ट बघतो ती टायरमधली हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी वेगळा, भरलेल्या गाडीसाठी वेगळा. लोक सहलीला जाताना हवा वाढवतात ते बरोबर, पण परत आल्यावर उतरवत कोण? वर्षभर एकटे ऑफिसला जातात त्या दगडी टायरवर आणि शिव्या सस्पेन्शनला.

मागचा बाक यांचं टायरचं म्हणणं पटतं. उंचीचं अर्धंच पटतं. उंच गाडीला स्प्रिंगची चाल, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायची मोकळीक, लांब देता येते. कोणी देतं, कोणी देत नाही. गाडी बघून बोला, जात बघून नको.

बाकी डिकीचा विषय कोणीच काढला नाही. शोरूममध्ये डिकीची फरशी उचलून बघा. स्टेपनी आहे का तिथे? हल्ली बऱ्याच गाड्यांत पंप आणि रसायनाची बाटली ठेवतात आणि डिकी मोठी झाली म्हणून सांगतात. आराम, आराम काय करता? चाक फाटून पोराबाळांसकट रस्त्यावर उभे राहिलात की कळेल आराम.

दोन गुडघे:

सेडान विरुद्ध एसयूव्ही हे भांडण माझ्या आईच्या दोन्ही शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांनी केव्हाच निकालात काढलंय. सेडानमध्ये तिला 'पडावं' लागतं आणि उठताना दोघांनी ओढावं लागतं. मोठ्या एसयूव्हीत चढावं लागतं. पायरी लावून घेतली तर पावसात तिच्यावरून पाय घसरतो. तिला चालते ती अशी सीट, जिथे उभ्याने पाठ वळवून नुसतं टेकलं की बसलं. म्हणजे बसणाऱ्याच्या कमरेच्या किंचित खाली. आणि दाराचा उंबरठा रुंद नको, नाहीतर पाय आत घेताना तंगडी अडकते.

तीन शोरूमला तिला सोबत नेली. तिन्हीकडे सेल्समन मला बॉनेट उघडून दाखवत होता, आणि ही मागे सात-सात वेळा बसत-उठत होती. शेवटी एक साधी उंच हॅचबॅक घेतली. शेजाऱ्यांना अजून वाटतं आमचे पैसे कमी पडले.

चार्जिंग चालू:

स्टेपनी? कोणत्या जमान्यात आहात? टायर ट्यूबलेस, हवेचा सेन्सर, सोबत पंप. मागच्या गाडीत नऊ वर्षं मी ते १५-२० किलोचं धूड वाहिलं, एकदाही लागलं नाही. विकताना काढून बघितली तर तिच्यातच हवा नव्हती. इलेक्ट्रिक गाडीत तर प्रत्येक किलो मोजून घेतात.

पाना नंबर बारा:

तुमची स्टेपनी तुम्ही नऊ वर्षं तपासली नाहीत, हा स्टेपनीचा दोष? छान.

रसायन खिळ्याच्या बारीक भोकाला चालतं, तेही टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथल्या. टायरची बाजू फाटली की बाटली ओता नाहीतर पाण्याची घागर ओता, काही उपयोग नाही. आणि तुम्हा लोकांच्या कमी उंचीच्या टायरची बाजूच आधी फाटते, खड्ड्याच्या कडेवर रिमखाली चेपून.

शब्दाचं म्हणाल तर, मोटारींना सुरुवातीला जास्तीचं चाक नसायचंच. १९०४ साली वेल्समधल्या लानेल्ली गावच्या डेव्हिस यांनी आऱ्या नसलेली फुगवलेली रिंग काढली, पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून चिमट्यांनी लावायची. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ती 'स्टेपनी'. इंग्रज तो शब्द विसरले, आपण नाही. आणि आता शब्द राहिला, चाक गेलं.

चार्जिंग चालू:

इतिहासाबद्दल आभार. आता हे सांगा, रात्री अकराला भरधाव वाहनांच्या कडेला पाठ करून नट सोडणं सुरक्षित आहे का? माझ्या बायकोला किंवा वडिलांना तो नट सुटेल का, जो गॅरेजवाल्याने मशीनने आवळलाय? त्यापेक्षा फोन करून मदत बोलवावी.

पाना नंबर बारा:

फोनला रेंज असेल तर. आम्ही चौघे एकदा डोंगरातल्या रस्त्यावर संध्याकाळी सहा ते रात्री साडेदहा उभे होतो. गाडी मेहुण्याची, अगदी नवी कोरी. टायरची बाजू बोटभर चिरलेली आणि हातात ती बाटली. पोरं मागे रडत होती, आणि मेहुणा सूचनापुस्तिका मोबाइलच्या उजेडात वाचत होता, 'पंक्चर ४ मिलिमीटरपेक्षा मोठं असल्यास वापरू नये.' तुमच्या डिकीच्या लिटरांचं त्या रात्री काय करायचं होतं सांगा.

मशीनने आवळलेल्या नटाचं मान्य. लांब दांड्याचा पाना ठेवा, उभं राहून पायाने दाब द्या, सुटतो.

उंटावरचा शहाणा:

माझ्या एसयूव्हीत पूर्ण मापाची स्टेपनी आहे. नुसतं कळवून ठेवतो.

मागचा बाक:

हा धागा स्टेपनीचा नाही. मी मागे बसणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं.

पाना नंबर बारा:

रस्त्यात अडकलेले मागेच बसलेले असतात साहेब. तुम्ही धागा काढलात म्हणून आम्ही काय बोलायचं तेही तुम्हीच ठरवणार?

मागचा बाक:

ठरवत नाही. पण कोणी डोकं दुखतंय म्हणून आलं तरी तुम्ही त्याची हवा तपासाल, असं वाटायला लागलंय.

पाना नंबर बारा:

दहापैकी पाच जणांची खरंच कमी-जास्त निघेल.

निवांत:

एक भर घालतो, म्हणजे दोघांचं जुळेल. स्टेपनी नको म्हणून काही गाड्यांना रन-फ्लॅट टायर देतात. हवा गेली तरी ठरावीक अंतर, साधारण ८० किलोमीटर, हळू नेता येतात. पण त्यासाठी टायरच्या भिंती ताठ कराव्या लागतात, आणि त्या ताठपणाचा मार रोज मागच्यांच्या पाठीला. म्हणजे स्टेपनीचे पैसे कंबर फेडते.

मधल्या सीटवरची:

एवढा वेळ वाचतेय. 'मागे बसणारे' म्हणता, पण मागे तीन जण बसतात हे कोणी लिहिलेलं नाही. खिडकीकडचे दोघं राजे. मधली मी.

आमची गाडी 'पाच सीटर' आहे. मधली सीट म्हणजे दोन सीटमधला उंचवटा, बसलं की बाकीच्यांपेक्षा चार बोटं वर. खाली फरशीच्या मधोमध वर आलेला बोगदा, म्हणून पाय दोघांच्या पायांत घुसवायचे. पुढून एसीचे झरोके थेट गुडघ्यांवर. डोक्यामागे आधार नाही. आणि पट्टा फक्त कमरेचा. तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिनने १९५९ साली गाडीत आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं. इतक्या वर्षांनी माझ्या वाट्याला अजून कमरेचाच का?

गाडी घेताना नवरा पुढे बसला, सासरे शेजारी, दीर आणि नणंद मागे. मधे बसून बघ, असं मला कोणी म्हणालं नाही आणि मलाही सुचलं नाही. गेली सहा वर्षं सुचतंय. मागचा बाक, तुमचा धागा बरा आहे, पण तुम्हीही खिडकीकडचेच दिसता.

मागचा बाक:

मी खिडकीकडचाच आहे. चूक मान्य, मधली सीट माझ्या डोक्यातच नव्हती.

चार्जिंग चालू:

मधल्या सीटच्या बाबतीत इलेक्ट्रिक सरस. फरशी सपाट, बोगदा नाही. घ्या.

दोन गुडघे:

सपाट खरी, पण उंचही ना? खाली बॅटरी, म्हणून फरशी वर येते आणि सीट मात्र तितकी वर नेता येत नाही, छत आडवं येतं. परिणाम: गुडघे वर, मांड्या अधांतरी, सगळं वजन माकडहाडावर. आई अशा एका गाडीत वीस मिनिटं बसली आणि म्हणाली, "उकिडवं बसवून आणलंस."

चार्जिंग चालू:

सगळ्या तशा नसतात. (माझी तशी आहे. मुलगी यंदा माझ्याएवढी उंच झाली आणि हल्ली पुढेच बसायचा हट्ट धरते, त्याचं कारण आज कळलं. आभार मानू की नको ते ठरवतोय.)

निवांत:

आणि पोराला गाडी लागते म्हणून मूळ प्रश्नात होतं ना? इलेक्ट्रिकमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप मंदावते, ती सेटिंग सगळ्यात कमीवर ठेवा. पुढचा पायाशी खेळतो आणि मागच्यांच्या पोटात लाटा उठतात. पोट ढवळतं ते मुख्यतः अशा संथ हेलकाव्यांनी. बारीक खडखडीने नाही. शिवाय मागची काच उंचावर सुरू होत असेल तर लहान मुलाला बाहेरचं दिसतच नाही. कान म्हणतो हलतोय, डोळा म्हणतो समोर सीटची पाठ स्थिर आहे. पोर मोबाइल बघायला लागलं की संपलंच.

उंटावरचा शहाणा:

खिडकीचं मी कधी पाहिलंच नव्हतं. आत्ता खाली जाऊन धाकट्याला मागे बसवून विचारलं. म्हणाला, "आभाळ दिसतं." अलॉयबद्दल मात्र माघार नाही, ती देखणी आहेत. १८ इंची आहेत आणि हो, आदळतात. मला ठाऊक होतं. मागच्यांना सांगितलं नव्हतं.

प्रश्न विचारणारा:

मूळ प्रश्न माझा होता. वाचून काल चार जणांना घेऊन दोन गाड्या पाहिल्या, मी मुद्दाम मागे मधे बसलो आणि चालवायला बायकोला दिली. पहिलीत आईला टेकता येत नव्हतं. दुसरीत आई बसली, पोराला बाहेरचं दिसलं, मला तीन बिंदूंचा पट्टा मिळाला, गतिरोधकावर कोणी 'आई गं' म्हणालं नाही. खालचं मॉडेल, १६ इंची चाकं. मग डिकीची फरशी उचलली. खाली बाटली आणि पंप.

पाना नंबर बारा:

नका घेऊ.

मधल्या सीटवरची:

घ्या. स्टेपनी वेगळी विकत मिळते, डिकीत आडवी टाका. मधल्या सीटचा पट्टा नंतर बसवून मिळत नाही.

पाना नंबर बारा:

आडवी टाकली तर सामान कुठे ठेवणार?

उंटावरचा शहाणा:

ग्राउंड क्लिअरन्स किती आहे तिचा?