मायकेल स्नायडर: यीस्टपासून वैयक्तिक वैद्यकापर्यंत

जिज्ञासू: अमेरिकेतील येल विद्यापीठात यीस्टच्या जनुकांवर वर्षानुवर्षे काम केलेले जनुकशास्त्रज्ञ स्नायडर वैयक्तिक वैद्यकाकडे, म्हणजे प्रत्येकाची जनुके व तपासण्या पाहून त्याच्यापुरते उपचार ठरवण्याकडे, कसे वळले?

निशिगंध: २००९ मध्ये स्टॅनफर्डला जनुकशास्त्र विभागाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी स्वतःलाच प्रयोगाचा विषय केले. त्यांच्या जनुकसंचात टाइप २ मधुमेहाचा धोका दिसलाच होता. पुढे आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या संसर्गानंतर रक्तातील साखर खरोखरच चढली आणि रक्ततपासण्या सातत्याने चालू असल्यामुळे ती वेळीच लक्षात आली. आहार व व्यायामाने ती आटोक्यात आली. हा अभ्यास २०१२ मध्ये ‘सेल’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

चिकित्सक: एकाच माणसावरून, तेही संशोधकावरूनच, निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते.

निशिगंध: शंका रास्त आहे. त्यांच्या गटाने नंतर १०९ जणांचा काही वर्षे मागोवा घेतला. तो अभ्यास २०१९ चा.