‘कोरोनात कोणीही उपाशी राहिले नाही’ या दाव्याला उत्तर

शिधाधारक:
परवा येथे एका सदस्यांनी ठामपणे लिहिले की, कोरोनाच्या काळात भारतात कोणीही उपाशी राहिले नाही, उपासमारीच्या बातम्या हा पत्रकारांचा उद्योग होता आणि फुकट धान्याने मजूर तेवढे आळशी झाले. दोन दिवस गप्प बसून पाहिले, पण राहवत नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत बफर साठ्याच्या, म्हणजे अडचणीसाठी राखून ठेवायच्या धान्याच्या, निकषाच्या दुपटीहून अधिक धान्य पडून होते. धान्याचा तुटवडा नव्हताच. तुटवडा होता तो मजुरीचा, कारण ज्यांची चूल त्या दिवशीच्या कमाईवर पेटते त्यांची कमाई एका रात्रीत थांबली. दोनच दिवसांत माणशी पाच किलो मोफत धान्याची योजना जाहीर झाली आणि पुढे ती वाढवतही नेली, हे सरकारच्या पदरात टाकलेच पाहिजे. मात्र ते धान्य अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत नाव असलेल्यांसाठी होते आणि ती यादी २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी त्याच काळात हिशेब मांडला होता की, लोकसंख्या वाढूनही कोटा न वाढवल्यामुळे दहा कोटींहून अधिक लोक या कायद्याच्या बाहेर राहिले आहेत.

आमच्या मागच्या चाळीत नांदेड जिल्ह्यातून आलेला एक रंगारी राहतो. त्याचे कार्ड केशरी. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे त्या यादीत बसण्यासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही, आणि रंगकाम करणारा माणूस कागदोपत्री तेवढ्यात बसत नाही. बसला असता तरी पुरवठा कार्यालयात ‘इष्टांक शिल्लक नाही’, म्हणजे लाभार्थ्यांचा कोटा भरला, हे उत्तर ठरलेले होते. एप्रिलमध्ये राज्याने केशरी कार्डावर आठ रुपयांनी गहू आणि बारा रुपयांनी तांदूळ देण्याचे ठरवले, पण महिनाभर ब्रशला हात न लागलेल्या माणसाला ते आठ रुपयेही कोठून तरी आणावे लागतात. त्या घरात तीन आठवडे दुपारी चहा आणि रात्री पिठले असा क्रम होता. त्यांना उपाशी म्हणायचे की नाही, हे त्या सदस्यांनी सांगावे.

आकडेमोड:
तो दावा करणारा सदस्य मीच आहे. ‘कोणीही नाही’ हे शब्द सैल होते असे कोणाला वाटल्यास वाटो, मुद्दा सैल नाही. भल्ला, भसीन आणि विरमाणी या अर्थतज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध वाचावा. धान्यवाटप हिशेबात धरले तर २०२० मध्येही भारतातील अतिदारिद्र्य एक टक्क्याच्या आतच राहिले, असा त्याचा निष्कर्ष आहे. एका रंगाऱ्याच्या पिठल्यावरून १३० कोटींच्या देशाचे निदान करणे हे काही अर्थशास्त्र नव्हे. आणि पिठले हे अन्नच आहे.

शिधाधारक:
तोच निबंध येणार हे माहीत होते. त्या वर्षी घरोघरच्या खर्चाची राष्ट्रीय पाहणी झालेलीच नव्हती. २०११-१२ च्या पाहणीतील खर्च वाढीच्या दराने पुढे सरकवत नेला आणि त्यावर धान्याची किंमत चढवली. ज्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत अर्थव्यवस्था जवळजवळ चतुर्थांशाने आकसली, त्या वर्षी सर्वांचा खर्च सारख्याच प्रमाणात हलला असे धरून चालणे किती सुरक्षित, हे आपणच ठरवा. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालाने तर राष्ट्रीय किमान वेतनाच्या रेषेखाली आणखी २३ कोटी लोक गेल्याचे म्हटले होते.

आकडेमोड:
किमान वेतनाची रेषा ही दारिद्र्यरेषा नव्हे. रेषा हवी तेवढी वर उचलली की हवे तेवढे गरीब मिळतात.

निफाडकर:
तुम्हा दोघांच्या निबंधांच्या भांडणात पिकवणारा कोठेच नाही, म्हणून लिहितो. मार्च-एप्रिल म्हणजे द्राक्षांचा ऐन हंगाम. व्यापारी गायब, गाड्या बंद, बाजार समिती कधी चालू तर कधी बंद. सौदा झालेला बाग व्यापाऱ्याने फोन न उचलून सोडला आणि आम्ही दिसेल त्या शेडवर बेदाणे टाकले. दुधाचे दर त्याच उन्हाळ्यात कोसळले. त्यानंतर कांद्याला जरा भाव दिसू लागला, तर १४ सप्टेंबरला निर्यातबंदी. शहरातल्या गरिबाला स्वस्त खाऊ घालण्याचा खर्च दर वेळी आमच्या खिशातून का?

आणि मजुरांबद्दल आकडेमोड यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पूर्वी पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येत. आता उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिल्याशिवाय कोणी गाडीत बसत नाही. घरी धान्य फुकट येते, मग उन्हात कशाला यायचे?

सुरगाण्याचे गुरुजी:
निफाडकर, ज्या टोळ्यांविषयी आपण बोलता त्यांची मुले माझ्या वर्गात असतात, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. माणशी पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. एवढ्यावर माणूस आळशी होत असेल तर आपण स्वतः महिनाभर तो प्रयोग करावा, तेल, मीठ, डाळ आणि जळण मात्र विकत आणायचे नाही. शिवाय, महामारीत नेहमीचे विकतचे पाच आणि मोफत पाच असे दहा किलो मिळत होते. जानेवारी २०२३ पासून सगळे फुकट झाले खरे, पण दहाचे पाच झाले. लोक आळसावले ते धान्य निम्मे झाल्यावर काय?

शाळा बंद झाल्या तेव्हा शिल्लक तांदूळ आणि कडधान्य मुलांच्या घरी वाटण्याचा आदेश आला. आम्ही शाळेच्या ओट्यावर तराजू मांडून पुड्या बांधल्या. शाळेत जे जेवण एका मुलाच्या ताटात पडत असे, त्याच्या घरी सहा वाटेकरी झाले आणि कागदावर मात्र आहार शंभर टक्के पोहोचला.

निफाडकर:
गुरुजी, मग एवढे सांगा, उपाशी असलेला माणूस रेशनचा तांदूळ दारावर येणाऱ्या टेम्पोवाल्याला का विकतो? आमच्या गावात दर महिन्याला तो टेम्पो येतो. मी स्वतः गोण्या भरताना पाहिले आहे.

आकडेमोड:
याचे उत्तर येणार नाही.

भाकरीवाली:
मी देते. मी लातूरची, आमच्याकडे पोट भाकरीने भरते. कार्डावर तांदूळ आला की आमची आईसुद्धा त्यातला थोडा विकत असे आणि त्या पैशांची ज्वारी अन् तेलाची पिशवी आणत असे. टाळेबंदीत जनधन खात्यावर बायकांना महिन्याला ५०० रुपये आले, तेही तीनच महिने. दवाखाना, गॅस आणि मोबाइलचे रिचार्ज तांदळाने होत नाही. तांदूळ विकणारा गरीब खोटा, आणि पीककर्जाच्या पैशांतून लग्न उरकणारा शेतकरी मात्र खरा, हा न्याय कुठला?

निफाडकर:
कर्जावर येण्याचे काहीच कारण नव्हते. माझ्या घरात कोणी कर्ज काढून लग्न केलेले नाही. बाईंनी जपून लिहावे.

भाकरीवाली:
आपणही मजुरांविषयी जपूनच लिहिले होते म्हणा.

सुरगाण्याचे गुरुजी:
दोघांनीही आवरावे. टोळ्या येत नाहीत याचे एक साधे कारण कोणी विचारलेच नाही. मार्च २०२० मध्ये यातील अनेकांना मालकाने हिशेब न करता वाटेला लावले होते, तेव्हा उचलीशिवाय गाडीत न बसणे हा शहाणपणा आहे. त्याच वर्षी रोजगार हमीवर देशभरात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले, तोवरच्या कोणत्याही वर्षापेक्षा अधिक. भर उन्हात माती उचलायला गेलेले हेच आपले आळशी लोक.

आकडेमोड:
रोजगार हमीचा आकडा मान्य आहे, आणि तो सरकारनेच दिला हेही गुरुजींनी मान्य करावे. यादी जुनी असल्याचा शिधाधारक यांचा मुद्दाही, नाइलाजाने, मला खोडता येत नाही. आता नवी जनगणना २०२७ मध्ये होणार आहे, तोवर त्यांच्या रंगाऱ्याने धीर धरावा.

शिधाधारक:
२०११ नंतर जन्मलेले मूल तोवर दहावीला जाईल. एवढी मोठी सवलत दिल्याबद्दल आभारी आहे.

निफाडकर:
गुरुजी, हिशेब बुडवणारे सगळेच नसतात, मी त्या वर्षी बेदाणे विकून टोळीचे पैसे चुकते केले होते. मजूर आळशी नाहीत असे आपण म्हणता तर घटकाभर तसे धरू. मग ऑक्टोबरच्या छाटणीला पंधरा माणसे मिळतील का, तेवढे विचारून सांगा. उचल देतो, पण निम्मीच.

सुरगाण्याचे गुरुजी:
निम्म्यावर येणार नाहीत, हे न विचारताच सांगतो.