प्रतिसाद: गुगलच्या क्लाउड रनवर लिंकडिंग (बुकमार्क जपणारं ॲप) टाकलं आणि दुसऱ्या दिवशी बुकमार्क गायब
अहो, तुमच्या हातून काही डिलीट झालेलं नाही, क्लाउड रनमध्ये कंटेनरची (ॲप ज्या बंदिस्त डब्यात चालतं त्याची) फाइलसिस्टीम मेमरीतच असते, वापर थांबला की इन्स्टन्स (ॲपची चालू प्रत) बंद होतो आणि बुकमार्क जिच्यात असतात ती एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल त्याच्यासोबत जाते. माझेही दोनेकशे बुकमार्क असेच गेले, फार जीवाला लागलं तेव्हा. आता बकेट (गुगलचं क्लाउड स्टोरेज) फोल्डरसारखी माउंट करून त्यात ती फाइल ठेवावीशी वाटेल, पण कृपया नको, तिथे फाइल लॉकिंग (एका वेळी एकालाच लिहू देणं) नाही, डेटाबेस करप्ट होऊ शकतो. सरळ बाहेर वेगळा पोस्टग्रेस डेटाबेस घ्या, लिंकडिंगला चालतो तो, सेटिंगमध्ये डेटाबेस इंजिन बदलायचं आणि त्या डेटाबेसचा पत्ता-पासवर्ड द्यायचा. आणि हो, नव्याने कोणी टाकत असेल तर कंटेनर पोर्ट ९०९० द्या, लिंकडिंग त्यावर चालतं, पण क्लाउड रन आपणहून ८०८० वरच बघत बसतं.