मदत हवी आहे : चॉकलेट अगारवर हिमोफिलस नीट वाढत नाही

तालुक्याच्या गावी छोट्या लॅबमध्ये कल्चरचं (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याचं) काम बघते. दमेकरी आणि सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) पेशंटच्या थुंकीत ग्राम स्टेनला (जंतू रंगवून बघताना) भरपूर पू-पेशी आणि बारीक गुलाबी कोकोबॅसिलाय (आखूड, अंडाकृती जंतू) दिसतात. पण दुसऱ्या दिवशी ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या वाढीच्या माध्यमावर) तोंडातलेच नेहमीचे जंतू, आणि मॅकॉन्की या दुसऱ्या माध्यमावर काहीच नाही. 'नो पॅथोजेन' असा रिपोर्ट द्यायला हात धजत नाही.

हा जंतू हिमोफिलस इन्फ्लुएन्झाच असावा. मेंढीच्या रक्ताच्या ब्लड अगारवर स्टॅफची (स्टॅफिलोकोकस जंतूची) रेघ ओढली, तर तिच्या कडेने दवबिंदूंसारख्या इवल्या कॉलनी आल्या, बाकी प्लेट कोरी. म्हणजे व्ही फॅक्टर (रक्तपेशींत असणारा आणि स्टॅफही सोडतो तो वाढीचा घटक) लागतोय.

गाडी अडते ती घरच्या चॉकलेट अगारवर (रक्त तापवून केलेल्या तपकिरी माध्यमावर). एका बॅचला छान वाढ, तर पुढच्या बॅचला शून्य. रक्त मेंढीचंच. बेस ऑटोक्लेव्ह करून थोडा निवला की रक्त घालते आणि ८० अंशांच्या वॉटर बाथमध्ये रंग तपकिरी होईपर्यंत ठेवते. वेळ मात्र अंदाजानेच. प्लेट ३५ अंशांवर, कँडल जारमध्ये (पेटती मेणबत्ती ठेवून बंद केलेल्या बरणीत), तळाशी ओला कापूस ठेवून. सॅम्पल फ्रीजमध्ये ठेवत नाही, दोन तासांच्या आत लावते. अँटिबायोटिक आधीच सुरू असलेले पेशंट यात धरलेले नाहीत.

सीओटू (कार्बन डायऑक्साइड) इनक्युबेटर घेणं शक्य नाही. तयार प्लेट शहरातून येईपर्यंत सुकतात.

जास्त तापून व्ही फॅक्टर नष्ट होत असेल का? २०० मिलिलिटरच्या बॅचला तुम्ही नेमकी किती मिनिटं देता, आणि प्लेट फ्रीजमध्ये किती दिवस चालवता?