मिश्र संगणकांच्या कार्यालयात ईमेलची मांडणी कशी करावी?

निळी_दौत:
आमच्या कार्यालयात चौदा डेस्कटॉप आहेत: नऊ विंडोज, तीन मॅक आणि दोन लिनक्स. सध्या प्रत्येक जण पॉप३ने मेल आपापल्या संगणकावर उतरवून घेतो, त्यामुळे एखादा सहकारी रजेवर गेला की त्याने ग्राहकाला काय कळवले होते हे कोणालाच सापडत नाही. मेलसर्व्हर बदलायचा नाही आणि नव्या परवान्यांसाठी पैसे मंजूर नाहीत. सर्वांना एकच प्रोग्रॅम द्यावा का?

उंबरठा:
आम्ही दरमहा शुल्काची क्लाउड सेवा घेतली आणि तेव्हापासून मेलसाठी कोणाच्याही टेबलाशी जावे लागलेले नाही. पैसे मंजूर करून घ्या, असेच मी सांगेन.

तिसरा_मजला:
सर्वत्र थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम बसवावा. तो तिन्ही प्रणालींवर विनामूल्य चालतो आणि सूचनापत्र एकच पुरते. पॉप३ सोडून आयमॅप घ्या, म्हणजे पत्रे सर्व्हरवरच राहतील. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ९९३, जाणाऱ्यासाठी ५८७.

जुनी_फाईल:
आउटलुकची पीएसटी (पत्रे साठवणारी) फाईल सामायिक फोल्डरमध्ये मात्र कधीही ठेवू नका. सर्वांना दिसावी म्हणून मी ती तशी ठेवली होती; नेटवर्क क्षणभर तुटले, फाईल बिघडली आणि दोन वर्षांचा पत्रव्यवहार गेला. अशी मांडणी मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, हे मला नंतर वाचायला मिळाले.

दोरी:
५८७ चुकीचा नाही, पण २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकात सुरुवातीपासूनच कूटबद्ध असणाऱ्या ४६५ ला प्राधान्य दिले आहे. सर्व्हर देत असेल तर तोच घ्यावा.

तिसरा_मजला:
५८७ वर स्टार्टटीएलएस (जोडणी झाल्यावर ती कूटबद्ध करणे) सक्तीचे केले की पुरते. आमच्याकडे त्याने एकदाही अडवलेले नाही.

कानाकोपरा:
खरी अडचण पुढे येते. पाठवलेली पत्रे आउटलुक ‘सेंट आयटम्स’मध्ये, ॲपलचा मेल ‘सेंट मेसेजेस’मध्ये आणि थंडरबर्ड ‘सेंट’मध्ये ठेवू पाहतो, त्यामुळे एकाच खात्यात तीन फोल्डर तयार होतात आणि निम्मी उत्तरे हरवल्यासारखी वाटतात. प्रत्येक प्रोग्रॅमला एकच फोल्डर नेमून द्या. दुसरे असे की थंडरबर्ड एका खात्यासाठी मुळात पाच जोडण्या उघडू शकतो, तर डव्हकॉट हा मेलसर्व्हर एका वापरकर्त्याला एका आयपी पत्त्यावरून मुळात दहाच देतो. कार्यालयातील सगळे संगणक बाहेरून एकाच पत्त्याचे दिसत असल्याने चौकशीचे सामायिक खाते तीन टेबलांवर उघडले की तिसऱ्याला लॉगिन नाकारले जाऊ शकते. आमचे दोन दिवस पासवर्ड बदलण्यात गेले. शेवटी थंडरबर्डमधील हा आकडा दोनवर आणल्यावर सगळे सुरळीत झाले.

पायरी:
मीही थंडरबर्डच सुचवेन. आमच्याकडे तो अनेक वर्षे उत्तम चालला आहे.

निळी_दौत:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आयमॅप नक्की केले आहे, पण एकच प्रोग्रॅम लादणार नाही: विंडोजवर आधीच असलेले आउटलुक आणि मॅकवरील मेल तसेच राहतील, थंडरबर्ड फक्त लिनक्सवर येईल. लोकांचा हात त्यांच्या प्रोग्रॅमवर बसला आहे, आणि तो मोडण्यापेक्षा चौदा ठिकाणी ‘सेंट’ नेमून देणे मला सोपे वाटते. आज पहिल्या संगणकावरील जुनी पत्रे थोडी थोडी ओढून सर्व्हरवर चढवली. २०१९ पर्यंतची चढली आहेत, उरलेली उद्या.